सागर कोणाचा?

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



पावसाळा लागला म्हणजे आपल्या वसईच्या किनाऱ्यावर कोळी बांधव होड्या वर ओढतात. ते मासळीच्या विणीचे दिवस; तेव्हा तिला अभय द्यावे, हा वडिलांचा नेम होय. परंतु एका गावाने तो पाळावा व शेजारच्याने मोडावा, तर पाळणाऱ्याचीच मुले उपाशी राहतात.

जे गावांचे तेच राष्ट्रांचे. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या मासळीवर ज्या त्या देशाचा अधिकार. त्यापलीकडचा समुद्र कोणा एकाचा नव्हे. जगातील सागराचा सुमारे दोनतृतीयांश भाग असा आहे! कुपा मासा तर ही हद्द जाणतच नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या परिपत्रात खुल्या समुद्राच्या रक्षणाची चिंता व्यक्त केली होती. पुढे २०२३ साली संयुक्त राष्ट्रसंघात त्यासाठी करार संमत झाला. साठ राष्ट्रांची मान्यता मिळाल्यावर १७ जानेवारी २०२६ पासून तो अमलात आला. त्यायोगे खुल्या समुद्रात राखीव क्षेत्रे ठरविता येतील, आणि नवे उद्योग आरंभण्यापूर्वी त्यांचे परिणाम तपासावे लागतील. मात्र ज्या राष्ट्राने मान्यता दिली नाही, त्यास तो बांधीत नाही.

म्हणून केवळ कागदाने काम भागत नाही, हे आम्ही जाणतो. दूर समुद्रात कोणी पाहत नसता नेम पाळणे, हीच कसोटी. येत्या पावसाळ्यात होडी वर ओढताना, थोर राष्ट्रांसही आता हाच धडा गिरवावा लागत आहे, हे ध्यानी धरावे. आणि आपल्याकडून नेम ढळू देऊ नये, एवढीच आमची विनंती.