घड्याळावरचे बुद्धिबळ

बीडजवळ मांजरसुंब्याच्या बाजूला, बालाघाटच्या डोंगरात कपिलधार आहे. मन्मथस्वामींची समाधी, पावसाळ्यात कड्यावरून कोसळणारी धार आणि कार्तिकी पौर्णिमेची यात्रा यांमुळे हे ठिकाण आपणां सर्वांच्या ओळखीचे आहे. या यात्रेच्याच आगेमागे आपल्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीला निघतात. भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण आणि लेकरे घेऊन गाव सोडतात. शाळेतला बुद्धिबळाचा पट शाळेतच राहतो. मुलाच्या हाती येतो तो वडिलांचा फोन. त्या फोनवर त्याला नागपूरचा, केरळचा, नाहीतर पार समुद्रापलीकडचा भिडू मिळतो आणि दहा मिनिटांत डाव निकाली निघतो. अशा मुलाच्या खेळात बळ कोणते, उणे कोणते आणि गुरुजींनी किंवा बाईंनी त्याला काय सांगावे, एवढ्यापुरतेच आज बोलायचे आहे.

प्रथम घड्याळाचा हिशेब पाहू. बुद्धिबळात प्रत्येक खेळाडूचे घड्याळ वेगळे असते. आपली पाळी आली की आपले चालते, खेळी केली की थांबते. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे प्रत्येकाला दहा मिनिटांपेक्षा जास्त पण साठांपेक्षा कमी वेळ असेल तर तो जलद डाव. दहा मिनिटे किंवा त्याहून कमी असेल तर अतिजलद. पुष्कळदा प्रत्येक खेळीमागे दोन, पाच किंवा दहा सेकंद वाढवून मिळतात. वेळ संपला की पटावर कितीही मोहरे असोत, साधारणपणे डाव हरलाच म्हणायचा.

आता असा झटपट खेळणारा हुशार मुलगा घ्या. घोड्याने एकाच वेळी राजाला शह आणि हत्तीवर मारा कसा करावा, हे त्याला विचारावे लागत नाही. आपल्याच प्याद्यांच्या मागे कोंडलेला राजा दिसला, की शेवटच्या रांगेत हत्ती घालून मात करायला त्याचा हात शिवशिवतो. शेकडो डाव खेळून ही चित्रे त्याच्या नजरेत बसलेली असतात. भाजीवालीने वजन न करता जुडीचा अंदाज सांगावा, तसाच हा प्रकार. फोनवर वेळ दवडला असे म्हणून या नजरेला कमी लेखू नये. ती खरी कमाई आहे.

ही नजर किती दूर नेते, याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. नागपूरची दिव्या देशमुख 2005 साली जन्मली. 2024 साली गांधीनगर येथे ती वीस वर्षांखालील मुलींची जगज्जेती झाली. त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय महिला संघातही ती होती. 2025 च्या जूनमध्ये लंडनला एका अतिजलद डावात तिने चीनच्या माजी जगज्जेत्या हौ यीफान हिला हरवले. पुढच्याच महिन्यात जॉर्जिया देशातील बटुमी येथे महिलांचा विश्वचषक झाला. अंतिम फेरीत समोर होत्या आंध्रच्या कोनेरू हम्पी. 2019 आणि 2024 अशा दोन वेळा त्या जलद बुद्धिबळाच्या जगज्जेत्या झालेल्या. म्हणजे घड्याळाच्या खेळातल्या मुरलेल्या. संथ गतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. 28 जुलै रोजी पंधरा मिनिटांचे आणि खेळीमागे दहा वाढीव सेकंदांचे डाव झाले. पहिला बरोबरीत गेला. दुसरा दिव्याने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. या विजयाबरोबरच ती ग्रँडमास्टर झाली.

शिक्षकांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट मात्र याच्या पुढची आहे. जिंकल्यानंतर लगेच तिने सांगितले, की मला डावाचा शेवट खेळायला अजून शिकले पाहिजे. सोपा होऊ शकणारा विजय मी मध्येच कुठे तरी अवघड करून ठेवला. बघा, विश्वचषक हाती आला त्या घटकेला ही मुलगी आपली उणीव मोजत होती! आपल्या मुलांनाही नेमका हाच धडा द्यायचा आहे.

फोनवर पटापट जिंकणारा मुलगा तालुक्याच्या स्पर्धेत का हरतो? तिथे लाकडी पट असतो, वेळ भरपूर असतो आणि हात लावलेला मोहरा चालवावाच लागतो. याला मात्र वेळ असूनही थांबायची सवय नसते. तीन ठिकाणी तो चुकतो.

पहिली चूक, समोरच्याची खेळी न वाचणे. आपला बेत डोक्यात पक्का असतो आणि समोरच्याने उंट का हलवला, हे पाहायचेच राहते. याला उपाय एका प्रश्नाचा. प्रत्येक खेळीपूर्वी मनात विचारायचे : आता याला काय करायचे आहे? शाळेत मुलांना हा प्रश्न मोठ्याने विचारायला लावावा. पंधरा दिवसांत तो अंगवळणी पडतो.

दुसरी चूक, सुरुवातीच्या सापळ्यांवर भिस्त. वजीर लवकर बाहेर काढून चार खेळ्यांत मात करण्याची युक्ती नवख्यावर चालते. जाणत्यापुढे तोच वजीर धावाधाव करीत बसतो. तेव्हा साधी शिस्त बरी. मधल्या घरांवर प्यादी, मग घोडे आणि उंट बाहेर, मग किल्लेकोट करून राजा सुरक्षित. वजिराची पाळी त्यानंतर.

तिसरी आणि सर्वांत महाग चूक, डावाचा शेवट. मोहरे कमी झाले की मुलाला वाटते आता काय, आपण जिंकलोच. पण खरे गणित तिथेच असते. एकच उदाहरण देतो. तुमच्याकडे राजा आणि एक प्यादे, समोर नुसता राजा. तुमचे प्यादे पाचव्या रांगेत असून तुमचा राजा त्याच्या थेट पुढे सहाव्या रांगेत पोचला, तर पाळी कोणाचीही असो, नीट खेळल्यास प्याद्याचा वजीर होणारच. अगदी कडेचे प्यादे मात्र याला अपवाद. घाईचा खेळाडू प्यादे पुढे पळवतो आणि राजा मागे ठेवतो. जिंकलेला डाव बरोबरीत जातो. राजाने पुढे होऊन वाट मोकळी करायची, प्याद्याने मागून यायचे. ही गोष्ट तीन मोहऱ्यांनी शिकवता येते. पट नसला तर खडूने चौसष्ट घरे आखा आणि चिंचोके मांडा.

मग फोन बंदच करावा काय? तसे नको. उसाच्या फडाशेजारच्या कोपीत त्या मुलाला दुसरा भिडू कोठून मिळणार? पण त्याला तीन नेम लावून द्यावेत. दिवसाला मोजके डाव, आणि तेही शक्यतो दहा किंवा पंधरा मिनिटांचे. हरल्याबरोबर रागाने दुसरा डाव सुरू करायचा नाही. आणि रोज एक हरलेला डाव वहीत उतरवून, नेमक्या कोणत्या खेळीला घसरलो त्याखाली रेघ ओढायची. सहा महिन्यांनी मूल गावी परतले, की ती वही गुरुजींनी पाहावी. शाळा सुटली तरी शिकणे सुटले नाही, याचा तो लेखी पुरावा होईल.

रेंज गेली आणि डाव हातचा गेला, असे झाले तर मुलाने हिरमुसू नये. 2020 च्या ऑगस्टमध्ये इंटरनेटवर झालेल्या ऑलिंपियाडच्या अंतिम फेरीत, नाशिकच्या विदित गुजराथीच्या नेतृत्वाखालील भारतीय संघावरही हा प्रसंग आला. निहाल सरीन आणि हीच दिव्या, दोघांचाही संपर्क तुटला आणि वेळ संपला. पुढे भारत आणि रशिया यांना संयुक्त विजेते ठरवण्यात आले. त्या वेळी दिव्या चौदा वर्षांची होती. पाच वर्षांनी ती बटुमीला पोचली.

शिक्षक बंधुभगिनींनो, वेग मुले आपला आपण शिकतात. तो त्यांच्या वयातच असतो. थांबावे कुठे, हे मात्र कोणी तरी शिकवावे लागते. यंदा मुले फडावर निघण्यापूर्वी प्रत्येकाच्या दप्तरात एक कोरी वही घाला आणि पहिल्या पानावर तो प्रश्न लिहून द्या : आता याला काय करायचे आहे?