टायरवरचे आकडे

टायरच्या कडेवर उठावात कोरलेले आकडे ही त्या टायरची ओळख असते. बालाघाट जिल्ह्यातल्या खैरलांजीसारख्या धानाच्या मुलखात ट्रॅक्टरच्या मागच्या चाकावर अनेकदा १३.६-२८ असे लिहिलेले आढळते. रुंदी १३.६ इंच, रिमचा व्यास २८ इंच. मधली रेघ तिरप्या धाग्यांच्या बांधणीची खूण. तिच्या जागी ‘आर’ असेल तर टायर रेडियल.

मोटारीवर १८५/६५ आर १५ ८८ एच असे असेल, तर रुंदी १८५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि रिम १५ इंची. ८८ हा भारांक. तो किलोचा आकडा नव्हे. इथेच पुष्कळांची गफलत होते. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलोपर्यंत भार. ‘एच’ म्हणजे वेगमर्यादा ताशी २१० किलोमीटर.

सर्वांत मोलाचे, तरी सर्वांत दुर्लक्षित, ते बहुधा लंबगोल चौकटीतले चार अंक. २३२४ म्हणजे २०२४ सालच्या २३व्या आठवड्यातली निर्मिती. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला टायर नवाकोरा दिसतो, पण रबर आतून कडक होत गेलेले असते. हे अंक पुष्कळदा एकाच बाजूला असतात. टायर रिमवर चढवण्यापूर्वी दोन्ही बाजू पाहून घ्याव्यात.