बधिर हातासाठी पैसा नाही
(तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासबैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला इथं कविता वाचायला बोलावलंय. कविता नंतर. आधी पैशाबद्दल बोलतो. कुष्ठरोगाच्या संशोधनाला पैसा कशासाठी मिळतो आणि कशासाठी मिळत नाही, एवढाच विषय. मी मॅट्रिक. गोदीत माल उचलतो. डॉक्टर नाही. पण ज्याचं हातावर पोट आहे त्याला हाताबद्दल बोलायला डिग्री लागत नाही, आणि हा रोग हात खातो.

पहिल्यांदा शब्दाचा निकाल लावू. मराठीनं याला महारोग म्हटलं. महा म्हणजे मोठा, असं मास्तर सांगायचे. पण वर्गातली पोरं तो शब्द 'महा'पाशी तोडत नव्हती. एक अक्षर पुढं जाऊन तोडायची आणि माझ्याकडं बघून हसायची. मास्तर तेव्हा फळ्याकडं तोंड करून असायचे. म्हणून मी कुष्ठरोग म्हणतो. जंतूला जात नसते, पण तो दाटीच्या खोल्यांत, गरिबाच्या घरात जास्त रमतो एवढं खरं.

या रोगावर सरकारनं पहिला मोठा पैसा कशावर घातला? भिंतीवर. आपल्या वडाळ्याचं अ‍ॅकवर्थ रुग्णालय बघा. १८९० साली महापालिका आयुक्त अ‍ॅकवर्थ यानं ते बेघर कुष्ठरोग्यांसाठी काढलं. हा साहेब मराठी पोवाडेही गोळा करायचा, शाळिग्रामांबरोबर त्यानं त्याचं पुस्तक छापलं. म्हणजे आपल्या शाहिरीचा आणि या रोगाचा मुंबईतला इतिहास एकाच माणसाच्या सहीनं लिहिलेला आहे. गंमतच म्हणायची. पुढं १८९८ चा कायदा आला. त्यात पोलिसाला वॉरंटाशिवाय पकडायची मुभा होती, पण कुणाला? निष्कांचन कुष्ठरोग्याला. ज्याच्याकडं वाडा, त्यानं वाड्यात राहावं. ज्याच्याकडं काही नाही, तो कोठडीत. हा कायदा रद्द व्हायला २०१६ उजाडलं.

आता औषधं. हान्सेननं नॉर्वेत जंतू १८७३ सालीच दाखवला होता. क्षयाचा जंतू त्यानंतर नऊ वर्षांनी सापडला. पण या रोगावर आज जी तीन औषधं देतात, त्यातलं एकही या रोगासाठी बनलेलं नाही. डॅप्सोन १९०८ साली जर्मनीत रंगांच्या रसायनशास्त्रातून निघालं, त्याचा इथं उपयोग कळायला चाळीसचं दशक यावं लागलं. क्लोफाझिमीन डब्लिनला क्षयासाठी बनवलं. रिफाम्पिसिन, तेही क्षयासाठी. दुसऱ्याच्या पंगतीत उरलेलं आमच्या ताटात पडलं. उष्टं खाऊन जगण्याचा अनुभव आपल्याला नवा नाही. त्या उष्ट्यानं लाखो माणसं बरी झाली हेही खरं, ते मी नाकारत नाही. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं तिन्ही औषधं एकत्र द्यायला सांगितलं, १९९५ पासून ती जगभर फुकट मिळू लागली. पण या रोगासाठी म्हणून कुणी चूल पेटवली का, हा माझा प्रश्न आहे.

पेटवली होती. आणि ती लांब कुठं नाही, परळला. १९७० च्या दशकात परळच्या कर्करोग संशोधन संस्थेत, आपल्या गिरणगावात, एक लस तयार झाली. आयसीआरसी लस. १९९० च्या दशकात तामिळनाडूत चेंगलपट्टूकडं ती आणि आणखी काही लसी एक लाख सत्तर हजारांच्या वर माणसांवर तपासल्या. १९९८ साली निकाल छापून आला. परळच्या लसीनं सुमारे ६५ टक्के संरक्षण दिलं, नुसत्या बीसीजीनं जवळपास त्याच्या निम्मं. पुढं काय झालं? ती राष्ट्रीय कार्यक्रमात आली नाही. तुमच्यापैकी कितीजणांनी तिचं नाव ऐकलंय? हात वर करा. बघा.

का आली नाही, त्याची शास्त्रीय कारणं शास्त्रज्ञ सांगतील. मी हिशेबाचं सांगतो. डिसेंबर २००५ मध्ये आपल्या देशानं जाहीर केलं की कुष्ठरोगाचं निर्मूलन झालं. निर्मूलन म्हणजे रोग गेला असं नाही. दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण रजिस्टरवर, एवढाच त्याचा अर्थ. आणि रजिस्टरवर कोण? ज्याचा औषधाचा कोर्स चालू आहे तो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मोठा कोर्स चोवीस महिन्यांवरून बारा महिन्यांवर आणला. कोर्स अर्धा झाला की त्या रजिस्टरवरची माणसंही निम्मी. रोग तेवढाच. गोदीत मुकादम टॅली मारतो तशी ही टॅली. घरोघरची तपासणी आटली, कुष्ठरोगाचे कर्मचारी सर्वसाधारण आरोग्यखात्यात मिसळले. आणि २००६ नंतर दहा वर्षं नव्या रुग्णांचा आकडा सव्वा लाखाच्या आगेमागेच अडून बसला. २०२३ सालीही देशात एक लाखाच्या वर नवे रुग्ण सापडले. जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त आपले.

जो रोग कागदावर संपला त्याच्या संशोधनाला पैसा कोण देणार? गरिबांच्या रोगांवर जगात जो पैसा खर्च होतो, त्यातला मोठा वाटा एड्स, क्षय आणि मलेरियाला जातो. जाऊ दे, तीही आपलीच माणसं मारतात. पण कुष्ठरोग मारत नाही, नुसता निकामी करतो. मेलेला मोजतात. निकामी झालेला पुलाखाली बसतो.

आमच्या टोळीत एकजण होता. हुक तळहाताला लागून रक्त यायचं तरी त्याला पत्ता नसायचा. मुकादम म्हणायचा, काय गडी आहे, दगड! एकदा विडी बोटापर्यंत जळत आली, मांस करपल्याचा वास आम्हाला आला, त्याला नाही. मग दवाखाना, बारा महिन्यांच्या पट्ट्या, एकही गोळी चुकवली नाही पठ्ठ्यानं. कार्डावर शिक्का बसला : आरएफटी. म्हणजे उपचारातून मुक्त. चार महिन्यांनी कोपराची नस सुजली, करंगळी आणि शेजारचं बोट वळलं. कंत्राटदारानं त्याला बिनहिशेबाचा घरी पाठवला. रजिस्टरच्या भाषेत तो बरा झालेला माणूस आहे.

हे कसं होतं? जंतू नसेच्या आवरणात घर करतो. औषधानं तो मरतो, पण त्याच्या मढ्याशीसुद्धा शरीर भांडत राहतं. त्या भांडणात नस सुजते, दाबली जाते आणि मरते. याला रिअ‍ॅक्शन म्हणतात. त्यावर मुख्य उपाय आजही प्रेडनिसोलोन, पन्नासच्या दशकातलं. काहींचा हात वाचतो, काहींचा नाही, आणि महिनोन्‌महिने घेतलं की हाडं, साखर, डोळे बिघडतात. आता कुठं मेथोट्रेक्सेटसारखं स्वस्त, जुनं औषध यातल्या एका प्रकारच्या रिअ‍ॅक्शनवर तपासताहेत. तेही उष्टंच, पण निदान कुणीतरी हाताकडं बघतंय.

नाहीतर बघा काय होतं. १९६५ च्या सुमारास जेरुसलेममध्ये शेस्किन नावाच्या डॉक्टरला कळलं की थॅलिडोमाइड या रिअ‍ॅक्शनवर चालतं. १९९८ साली अमेरिकेत एका कंपनीनं कुष्ठरोगाच्या नावावर त्याचा परवाना घेतला आणि खरा पैसा कर्करोगावर कमावला. २०२२ साली एडिंबरोच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की हा जंतू आर्माडिलो नावाच्या प्राण्याचं यकृत वाढवतो. लगेच जगभर बातम्या : म्हाताऱ्यांची यकृतं नवी करता येतील! जंतूला भाव आला. ज्याच्या अंगात तो आहे त्याला नाही.

आनंदवन, दत्तपूर, तपोवन यांनी टाकलेल्या माणसाला भाकर आणि काम दिलं, त्यांचा मान ठेवून बोलतो : तो दयेचा पैसा होता. मी हक्काचा मागतोय. आणि हक्काचा कुठं जावा तेही सांगतो.

पहिला, नसेवर. रिअ‍ॅक्शन ओळखणं, थांबवणं, मेलेली नस परत जागवणं. कोर्स संपल्यावर माणसाची किमान काही वर्षं नस तपासणारी व्यवस्था कशी उभी करायची, हेसुद्धा संशोधनच आहे, त्याला सूक्ष्मदर्शक लागत नाही, माणसं लागतात. दुसरा, साध्या तपासणीवर. वस्तीत आशाताई बोटाच्या रक्तावर मलेरिया बघते, तसं कुष्ठरोगाचं सुरुवातीचं निदान पक्कं करणारी चाचणी अजून नाही. चट्टा बधिर आहे का ते बघतात, म्हणजे नस दुखावल्यावर कळतं. तिसरा, घरच्यांना रोग होऊ नये म्हणून. रिफाम्पिसिनचा एक डोस बांगलादेशात तपासला, दोन वर्षांत नवे रुग्ण ५७ टक्क्यांनी घटले. पण जे अगदी एका घरात, एका पथारीवर झोपतात त्यांना फायदा कमी झाला. आणि आपण कसे झोपतो ते तुम्हाला माहीत आहे. म्हणजे त्यापेक्षा जोरकस काही पाहिजे, आणि परळच्या लसीची फाईल पुन्हा उघडली पाहिजे.

चौथं मागणं पैशाचं नाही, खुर्चीचं आहे. हा पैसा वाटणाऱ्या प्रत्येक समितीत बोटं वाकलेला माणूस मताच्या अधिकारानं बसला पाहिजे. हार घालायला नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेला पाठवायचं पत्र मी लिहून आणलंय, शुद्धलेखन तुमच्यातल्या कॉलेजवाल्यांनी बघा. रविवारी सकाळी ते घेऊन वडाळ्याच्या वस्तीत जायचंय. तिथं काहींना पेन धरता येत नाही. शाईचं पॅड मी घेतलंय. चारपाचजण बरोबर चला.