कंद उपटण्याआधी



गेल्या भादव्यात आम्ही गटाच्या बाया साताऱ्याजवळच्या कास पठारावर गेलो होतो. १२०० मीटर उंची, खडकावर पातळशी माती, अन् त्यावर फुलंच फुलं. आमच्यातल्या एकीला हिरवट-पांढऱ्या फुलांचा तुरा दिसला. ती म्हणाली, "ही तर आमरी! खाली कंद असतो, व्यापारी घेतो." ती वाकली तसा वाटाड्या ओरडला, "मावशी, हात लावू नका!"

ती पाचगणीची आमरी होती. आमरी म्हणजे ऑर्किड. शास्त्रात झाडाला आधी आडनाव, मग नाव, जसं आपल्या मतदार यादीत. हिचं आडनाव हबेनारिया, नाव पांचगणिएन्सिस. फादर सांतापाव आणि कपाडिया यांनी ते दिलं. मुंबई भागातल्या ऑर्किडवरचं त्यांचं पुस्तक १९६६ साली निघालं.

ओळख पटते ती फुलावरून. फुलाच्या एका पाकळीचा ओठ होतो, त्याच्यामागे मधाची लांब नळी असते. ओठ किती फाटलेला, नळी किती लांब, यावरून जाती वेगळ्या पडतात. फूल नसताना साधी आमरी अन् दुर्मीळ आमरी सारखीच दिसते. म्हणून उपटणाऱ्या हाताला कळतच नाही, काय गेलं ते.

कंद काढला की पुढच्या वर्षीचं रोपही गेलं. बी धुळीसारखं बारीक, त्यात शिदोरी नसते. मातीतल्या ठरावीक बुरशीची साथ मिळाली तरच रुजतं. पेरून सहज उगवणारं पीक नाही हे.

परत आल्यावर आम्ही बैठकीत ठरवलं, आमरीचे कंद विकायचे नाहीत. चार पैसे बुडाले, हे खरं. पण आपलं गौताळा अभयारण्य १९८६ पासूनचं आहे, तिथून कंद काढणं गुन्हाच आहे.

आणखी एक. आंब्या-बाभळीवर जाड पट्टीसारख्या पानांची, बाहेर पांढरी मुळं लोंबणारी वनस्पती दिसते. बांडगूळ समजून आपण ती तोडतो. पण बांडगुळाची मुळं फांदीत घुसून रस शोषतात. ही नुसती बसलेली असते, झाडाचं काही खात नाही. तीही ऑर्किडच, नाव वांदा.

तेव्हा कोयता उचलण्याआधी मुळं बघा, बायांनो. बांडगूळ काढा, वांदा राहू द्या.