चावडीवरचा खटला



ज्या घरांतील माणूस आत्महत्या करून गेला, त्या घराशीं आपण कसें वागतों, तेवढेंच आज बोलावयाचें आहे. इतर मरणाला आपण सांत्वनासाठीं जातों. येथें मात्र तपासाला जातों! ‘भांडण झालें होतें काय? कर्ज किती होतें? तुला कळलें कसें नाहीं?’ आम्हीही एका घरीं असेंच कर्ज विचारलें. मोठा मुलगा मुकाट्यानें उठून आंत गेला. ती लाज आमच्या मनांतून अद्याप गेली नाहीं.

विदर्भ-मराठवाड्यांतील शेतकऱ्याचें घर घ्या. अशा कुटुंबास महाराष्ट्र सरकार १ लाख रुपयांची मदत देतें. पण आधीं तें मरण ‘पात्र’ ठरावें लागतें. सातबारा दाखवा, कर्जाचा कागद दाखवा! दुसऱ्याची जमीन खंडानें कसणाऱ्यानें तो कोठून आणावा? आणि कचेरीनें ‘अपात्र’ म्हटलें कीं गांव कुजबुजतें, ‘मग बाईचेंच कांहीं तरी असेल.’

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें मानलें कीं, जीव देऊं पाहणारा मनुष्य तीव्र ताणाखालीं असतो. त्याला सांभाळणें हें सरकारचें काम आहे. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली; तींत जुनें ३०९ कलम ठेवलें नाहीं. सरकारनें काढून घेतलेला हा खटला चावडीवर मात्र अजून चालूच आहे! आणि आरोपी कोण? मागें राहिलेली बायको, आई आणि पोरें.

कोणी म्हणतील, दोष दिला नाहीं तर अशा मरणास उत्तेजन मिळेल. आम्ही उलट विचारतों: जेथें दुःखी घराची अशी अब्रू जाते, तेथें उद्यां खचलेला मनुष्य आपलें दुःख कोणापाशीं उघडें करील? तो तोंड मिटूनच बसेल.

कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड ग्रामपंचायतीनें मे २०२२ मध्यें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें बंद करण्याचा ठराव केला. एका गांवाला जें जमलें, तें आपल्याला कां जमूं नये? त्या घरीं जा. प्रश्न घरीं ठेवून जा. गेलेल्याचें नांव मोकळेपणानें घ्या. त्या बाईला हळदीकुंकवास बोलवा, पेरणीला बैल द्या, तिच्या लेकीचें स्थळ ‘घराण्याला डाग आहे’ म्हणून परत पाठवूं नका. डाग त्या घराला नाहीं. डाग असलाच तर तो आपल्या जिभेला आहे. तो आपणच धुवूं या!