पाऊस कोणीं अडविला?
(शेतकरी व कारागीर बांधवांच्या बैठकींतील भाषण)



माणदेशांत पाऊस चुकला कीं जोशीबुवा पंचांग उघडून सांगत, ‘गांवाचें पाप उभें राहिलें, अनुष्ठान मांडा.’ दक्षिणा घेऊन ते जात. ढग कांहीं येत नसे. तसे बुवा अजून सरले नाहींत. म्हणून आज आम्ही पंचांग बाजूस सारून तुमच्यापुढें सातारा जिल्ह्याचा नुसता नकाशा मांडणार आहों.

पश्चिमेस महाबळेश्वर. तेथें वर्षास पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस. पूर्वेस दहिवडी-म्हसवडाकडे पांचशेंचाहि भरंवसा नाहीं. मधलें अंतर सरळ रेषेनें शंभर किलोमीटरांच्या आंतबाहेर. तर मग महाबळेश्वरकर तेवढे पुण्यवान आणि माणदेशी तेवढे पापी काय? समुद्रावरून आलेला ढग सह्याद्रीवर चढतो, निवतो, आणि आपलें ओझें तेथेंच टाकतो. घाटमाथा उतरून आपल्याकडे येतो तो कोरडा वारा.

ह्या एका गोष्टीनें आपला संसार घडला. तिकडे भात-नाचणी आणि उतरतें छप्पर. इकडे ज्वारी-बाजरी आणि मातीचें धाबें. इकडे गवत आखूड, म्हणून मेंढी. मेंढीची लोकर, म्हणून म्हसवडास सनगरांच्या मागावरचें घोंगडें. दिवाळी उलटली कीं धनगर बिऱ्हाड घोड्यावर लादून कोंकणांत उतरतो. भात निघालेल्या शेतांत मेंढरें बसवितो, लेंडीखताबद्दल कोंकणचा कुणबी त्याला धान्य देतो. पाऊस लागण्यापूर्वीं तो परत फिरतो, कारण तिकडच्या ओलींत मेंढी टिकत नाहीं. घाटावरच्या मेंढीवर खालचें भात पोसलें. शाळेच्या पुस्तकांत राजांच्या स्वाऱ्या सांपडतील, ही मेंढरांची वाट मात्र सांपडणें कठीण! खानापूर-आटपाडीकडचीं पोरें सोनें-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठीं मुलूखभर पांगलीं, त्यामागेंहि हाच कोरडा माळ आहे.

पण सगळें डोंगराच्या माथीं मारूं नका. नाहींतर तेंहि एक नवें पंचांगच व्हायचें. १९६४ सालीं कोयनेचें धरण पुरें झालें. खोऱ्यांतल्या कुळंब्यांच्या जमिनी बुडाल्या, लोक गांवदेव उचलून परमुलखांत गेले. तें पाणी विजेसाठीं बोगद्यांतून पश्चिमेस वळविलें. म्हणजे जेथें आभाळ आधींच फाटतें त्या कोंकणांत तें उतरलें. वीज हवीच, गिरण्यांनाहि हवी होती, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण हा निर्णय सह्याद्रीनें केला नाहीं, माणसांनीं केला.

जोतीरावांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यांत ताली-बंधारे घालून पाणी जमिनींत मुरविण्याचा उपाय सांगितला होता. ऐकलें कोणीं? पुढें १९९३ सालीं आटपाडीस पाणी परिषद भरली. त्या चळवळीनें भूमिहीनासकट प्रत्येक कुटुंबास पाण्याचा वांटा मागितला. टेंभू योजनेनें कृष्णेचें पाणी उपसून आटपाडीच्या माळावर आलें, तें ह्या झगड्यामागून. आतां भांडण पुढचें आहे. पाणी आलें कीं मोठ्या बागाइतदाराचा ऊस आधीं उभा राहतो, आणि मेंढपाळाचें कुरण व सनगराचा हौद शेवटीं राहतो.

तेव्हां उद्यां सकाळीं तुम्ही एक करा. आपल्या शिवारांतला पाट कोठून निघतो, कोणाच्या बांधावरून जातो आणि कोठें आटतो, तेवढें चालून पाहून या. पुढच्या बैठकींत तोच नकाशा आपण कागदावर काढूं.