लेस्टरची जाहिरात आणि समरसतेची कसोटी

(व्याख्यानमालेतील एका भाषणाचे शब्दांकन)



१५ सप्टेंबर १९७२ रोजी युगांडातील ‘युगांडा आर्गस’ या वृत्तपत्रात एक विलक्षण जाहिरात प्रसिद्ध झाली. ती होती इंग्लंडमधील लेस्टर शहराच्या नगर परिषदेची. माल खपावा म्हणून जाहिराती देतात, माणसे यावीत म्हणूनही देतात. ही जाहिरात मात्र माणसांनी येऊ नये म्हणून दिली होती. घरांसाठी हजारो कुटुंबे रांगेत आहेत, शाळांत जागा नाहीत, आरोग्य आणि समाजसेवांवर असह्य ताण आहे. तेव्हा स्वतःच्या व कुटुंबाच्या हितासाठी लेस्टरला येऊ नये, असा तिचा आशय होता.

ती वाचणारे लोक कोण होते? ४ ऑगस्ट १९७२ रोजी लष्करशहा इदी अमीनने आशियाई वंशाच्या लोकांना ९० दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला होता. त्यात बहुसंख्य गुजराती, त्यांच्या खालोखाल पंजाबी आणि काही गोमंतकीय कुटुंबेही होती. दुकाने, कारखाने, मळे, घरे मागे ठेवून, जेमतेम पन्नास पौंड खिशात घेऊन त्यांना विमानात बसायचे होते. त्यांच्यापैकी सुमारे २८ हजार लोक ब्रिटनमध्ये पोहोचले. आणि जाहिरात वाचूनही त्यातले हजारो लोक लेस्टरलाच गेले! आप्तस्वकीय तिथे आधीच होते, कापडाच्या आणि होजिअरीच्या गिरण्यांत काम मिळत होते. शिवाय ज्या शहराने ‘येऊ नका’ असे मुद्दाम छापून कळविले, त्याचे नाव एरवी ज्यांच्या कानी गेलेही नसते, त्यांनाही ते ठाऊक झाले.

स्थलांतर, संस्कृतिमीलन आणि बहुसंस्कृतिवाद या विषयाची चर्चा बहुधा हवेत होते. ती जमिनीवर आणायची तर लेस्टरसारखे दुसरे गाव नाही.

दार उघडणारा आणि दार लावणारा

या प्रकरणातील एक योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. २० एप्रिल १९६८ रोजी हुजूर पक्षाचे नेते इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅममध्ये स्थलांतरितांविरुद्ध जहाल भाषण केले. पक्षनेते एडवर्ड हीथ यांनी त्यांना तत्काळ छाया मंत्रिमंडळातून दूर केले. त्याच वर्षी मजूर पक्षाच्या सरकारने केनियातून येऊ पाहणाऱ्या ब्रिटिश पारपत्रधारक आशियाईंचा मार्ग कायद्याने अडविला. चार वर्षांनी युगांडाचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा पंतप्रधान होते हीथ. लोकमत प्रतिकूल असतानाही, ब्रिटिश पारपत्र दिले आहे तर त्याचा शब्द पाळला पाहिजे, ही भूमिका त्यांनी घेतली. राष्ट्राने दिलेल्या कागदाची किंमत राखली गेली. हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

स्वागत मात्र फुलांनी झाले नाही. स्ट्रॅडिशॉल आणि ग्रीनहॅम कॉमनसारख्या लष्करी तळांवर निर्वासितांच्या छावण्या पडल्या. ज्यांच्या हाताखाली काल नोकर होते, ते आज यंत्रावर मजूर म्हणून उभे राहिले. १९७४ साली लेस्टरच्या इंपीरियल टाइपरायटर कारखान्यात आशियाई कामगारांनी असमान वागणुकीविरुद्ध संप केला. १९७६ च्या स्थानिक निवडणुकीत स्थलांतरितविरोधी ‘नॅशनल फ्रंट’ने या शहरात सुमारे १८ टक्के मते मिळविली.

अशा वातावरणात या माणसांनी काय केले? त्यांनी दुकान पहाटे उघडले आणि रात्री उशिरा बंद केले. मुलांना शाळेत घातले. बंद पडलेल्या इमारती विकत घेऊन त्यांत मंदिरे उभारली. बेलग्रेव्ह रस्त्यावरच्या ओसाड गाळ्यांतून साड्या, दागिने, मिठाई यांची बाजारपेठ उभी राहिली आणि १९८३ पासून त्या रस्त्यावर दिवाळीची रोषणाई होऊ लागली. १९८७ साली लेस्टर पूर्वमधून संसदेवर निवडून आलेले कीथ वाझ हे एडनमध्ये जन्मलेले, मूळ गोमंतकीय घराण्यातले. ज्या शहराने नको म्हटले, त्याच शहराने पंधरा वर्षांत आपला प्रतिनिधी म्हणून त्यांना धाडले.

तीन वाटा

परक्या भूमीत आलेल्या माणसापुढे आणि त्याला घेणाऱ्या समाजापुढे तीन वाटा असतात. पहिली विलीनीकरणाची. नाव बदला, भाषा टाका, देव विसरा आणि यजमानासारखे दिसू लागा. दुसरी वाट अलगतेची. तुमचे तुमच्यापाशी, आमचे आमच्यापाशी. कर भरा, बाकी कोणी कोणाच्या वाटेस जाऊ नये. तिसरी वाट समरसतेची. घरात आपला देव, आपली भाषा, आपला सण. चौकात मात्र सर्वांचा एकच कायदा, एकच भाषा आणि एकमेकांच्या सुखदुःखाशी बांधिलकी.

ब्रिटनचे गृहमंत्री रॉय जेन्किन्स यांनी १९६६ सालीच पहिली वाट नाकारली होती. सर्वांना एका साच्यात ठोकून सपाट करणे नको. समान संधी, सांस्कृतिक वैविध्य आणि परस्परसहिष्णुता हवी, असे त्यांचे प्रतिपादन होते. या विचाराची फळे चांगली होती. वोल्व्हरहॅम्प्टनमधील शीख बसचालकांना फेटा बांधण्याचा हक्क दीर्घ संघर्षानंतर १९६९ मध्ये मिळाला. १९७६ मध्ये शिरस्त्राणाच्या सक्तीतून फेटेधारी शीख दुचाकीस्वारांना संसदेने सूट दिली. फेटा बांधलेला चालक बस तीच चालवतो, त्याच मार्गाने आणि त्याच वेळेवर. वेगळेपण राखूनही तो सर्वांच्या सेवेत असतो. समरसतेचे याहून सोपे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

समांतर आयुष्ये

पुढे मात्र गाडी दुसऱ्या वाटेला लागली. वैविध्य जपण्याच्या नावाखाली अनेक नगरपालिकांनी माणसाला नागरिक म्हणून न पाहता अमुक समाजाचा घटक म्हणून पाहायला सुरुवात केली. निधी समाजनिहाय, प्रतिनिधी समाजनिहाय. समाजाच्या वतीने बोलणारा कोणीतरी पुढारी गाठला की प्रशासनाचे काम संपले. त्या समाजातील स्त्रिया, तरुण, वेगळे मत असणारे यांचे कोणी विचारीना.

२००१ च्या उन्हाळ्यात ओल्डहॅम, बर्नली आणि ब्रॅडफर्ड या उत्तरेकडील गिरणगावांत दंगली पेटल्या. त्यानंतर टेड कँटल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जो अहवाल दिला, त्यात ‘समांतर आयुष्ये’ हा शब्दप्रयोग आला. एकाच गावातील गोरे आणि आशियाई लोक वेगळ्या वस्त्यांत राहतात, वेगळ्या शाळांत शिकतात, वेगळ्या ठिकाणी नोकरी करतात. त्यांची आयुष्ये कुठेच एकमेकांना स्पर्श करीत नाहीत, असे समितीला आढळले. त्यात गिरण्या बंद पडून आलेल्या बेकारीचा वाटाही मोठा होता, हे विसरून चालणार नाही.

७ जुलै २००५ रोजी लंडनमध्ये आत्मघातकी स्फोटांत ५२ निरपराध माणसे मारली गेली. चार हल्लेखोरांपैकी तिघे ब्रिटनमध्येच जन्मलेले होते. ब्रिटिश समाज हादरला तो यामुळे. देशात जन्म झाला, शाळा झाली, पण देशाशी नाते जुळले नाही, असे का व्हावे? चौघांच्या पापाचे खापर लक्षावधी कष्टाळू माणसांच्या माथी मारणे अन्यायाचे होते; पण प्रश्न टाळणेही शक्य नव्हते. नोव्हेंबर २००५ पासून नागरिकत्वासाठी देशाच्या जीवनपद्धतीविषयीची परीक्षा सुरू झाली. जर्मनीच्या अँगेला मर्केल यांनी २०१० मध्ये आणि ब्रिटनच्या डेव्हिड कॅमेरून यांनी फेब्रुवारी २०११ मध्ये म्युनिकच्या परिषदेत बहुसंस्कृतिवादाचे धोरण फसल्याची कबुली दिली.

अमर्त्य सेन यांनी २००६ सालच्या आपल्या ग्रंथात या धोरणाचे मर्म नेमके पकडले आहे. अनेक संस्कृती शेजारी शेजारी ठेवल्या, पण त्यांची गाठभेटच झाली नाही, तर तो बहुसंस्कृतिवाद नव्हे. ते अनेक एकसंस्कृतींचे कप्पे झाले, असे त्यांचे म्हणणे. सेन यांची सर्वच मते सर्वांना पटतील असे नाही. हे मात्र पटावे.

२०२२ चा आरसा

येथवरचे ऐकून श्रोत्यांना समाधान वाटेल. हिंदू समाजाने परदेशी कायदा पाळला, कष्ट केले, मान मिळविला. ऑक्टोबर २०२२ मध्ये पूर्व आफ्रिकेतून आलेल्या भारतीय कुटुंबातील ऋषी सुनक ब्रिटनचे पंतप्रधान झाले. खासदारकीची शपथ त्यांनी भगवद्गीतेवर घेतली होती. जुलै २०२४ पर्यंत ते त्या पदावर होते आणि निवडणूक हरल्यावर कटुता न आणता पायउतार झाले.

पण त्याच २०२२ च्या सप्टेंबरमध्ये लेस्टरने एक आरसाही दाखविला. २८ ऑगस्टला दुबईत झालेल्या भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्यानंतर तिथे हिंदू आणि मुस्लीम तरुणांत तणाव वाढला. १७ सप्टेंबरला हिंदू तरुणांचा जमाव श्रीरामाच्या घोषणा देत मुस्लीम वस्तीतून गेला. दुसऱ्या बाजूचा जमाव जमला. मंदिरावरचा भगवा ध्वज खाली ओढण्यात आला. समाजमाध्यमांतून पसरलेल्या खोट्यानाट्या बातम्यांनी आगीत तेल ओतले. ज्या शहरात दोन्ही समाजांनी मिळून ‘नॅशनल फ्रंट’ला तोंड दिले होते, तिथे पोलिसांना दोघांच्या मध्ये उभे राहावे लागले. अखेर दोन्ही समाजांच्या प्रतिनिधींनी एकत्र उभे राहून शांततेचे आवाहन केले.

या घटनेत दोष केवळ दुसऱ्याचा, असे म्हणणे सोयीचे आहे, सत्य नाही. पन्नास वर्षे कष्टाने मिळविलेली पत दोन रात्रींत पणाला लागली. ज्या रामनामाने आजीने नातवाला झोपविले, तेच नाव शेजाऱ्याला भय दाखविण्यासाठी उच्चारले गेले, तर त्यात रामाचे काय राहिले? दूरच्या देशातील भांडण आपल्या गल्लीत आणणारा माणस कोणत्याही धर्माचा असो, तो समांतर आयुष्यच जगत असतो.

एकच मापदंड

महाराष्ट्रातील कितीतरी घरांतून आज मुलगा किंवा मुलगी परदेशी आहे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ तर १९३२ पासून कार्यरत आहे. निघणाऱ्या मुलांच्या सामानात आई देवाची तसबीर, मेतकूट आणि गोडा मसाला न विसरता ठेवते. त्यासोबत आणखी एक गोष्ट द्यायला हवी. ज्या देशाचे अन्न खायचे, त्याची भाषा, त्याचा कायदा, त्याचा इतिहास मनापासून शिकावा. गणपती बसवावा आणि आरतीला शेजाऱ्यालाही बोलवावे.

आणि एक शेवटचे. तराजू एकच असला पाहिजे. लेस्टरमध्ये हिंदूंसाठी जो न्याय मागायचा, तोच पुण्या-नागपुरात बाहेरून येणाऱ्याला द्यावा लागतो. इथे आलेल्याने मराठी शिकावी ही अपेक्षा रास्त आहे. पण ती शिकवायला, त्याला घर भाड्याने द्यायला, त्याच्या सणाला जायला कोणी तयार असले पाहिजे. दार लावून घ्यायचे आणि आत का येत नाही म्हणून विचारायचे, हे बरे नव्हे.

१९७२ ची ती जाहिरात देणाऱ्यांची घरांची, शाळांची गणिते खोटी नव्हती. फक्त येणाऱ्या माणसांचे मोल त्या हिशेबात धरायचे राहून गेले होते. असे हिशेब कोणत्याही शहराकडून चुकू शकतात. आपल्याही.